पेप्टाइडला प्रतिसाद मिळाला, पण टी सेल रिसेप्टरनेच ते ओळखलं हे दाखवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही फरक असेल तर लगेच कळेल. तुम्ही नाशिकमध्ये पीएचडी करताय. क्षयरुग्णांच्या घरातल्या, पण स्वतः आजारी नसलेल्या माणसांचं रक्त त्र्यंबक आणि पेठ तालुक्यांतून आणता. त्यातून पीबीएमसी (टी पेशी ज्यात असतात त्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या करून त्यांवर ईसॅट-६ या टीबीच्या प्रथिनाची पेप्टाइडं, म्हणजे छोटे तुकडे, घातलीत आणि दुसऱ्या दिवशी वरच्या द्रवातलं इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे चेतलेल्या पेशी सोडतात तो संदेशरेणू, एलायझा या अँटिबॉडीच्या चाचणीने मोजलंत. काही जणांत आकडा चांगला चढला. गाइडचं म्हणणं, टी सेल रिसेप्टर (टी पेशीवरचा ओळखणारा रेणू) अँटिजेन, म्हणजे जंतूचा ओळखायचा भाग, ओळखतोय हे यातून दिसलंच. समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं, हे सिद्ध होत नाही, टेट्रामर (नेमक्या रिसेप्टरलाच चिकटणारा रंगीत रेणू) करा. टेट्रामरचा खर्च बजेटमध्ये बसत नाही. म्हणून तुम्ही विचारताय, की कमी खर्चात, इथे बसून, नेमकी कोणती टेस्ट करू?

समितीचा आक्षेप बरोबर आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय तुमच्या कामाला लागू पडत नाही. दोन्हींची कारणं सांगते.

‘कोणती टेस्ट’ हे नंतर बघू. थिसिसमध्ये निष्कर्षाचं वाक्य काय लिहायचंय, ते आधी कागदावर लिहून काढा. ‘या माणसांच्या रक्तात ईसॅट-६ ला प्रतिसाद देणारं काहीतरी आहे’ एवढंच लिहायचं असेल तर तुमचं काम झालंय. ‘प्रतिसाद देणाऱ्या सीडी४ टी पेशी आहेत आणि त्या एचएलए-डीआरवर बसलेलं पेप्टाइड ओळखतात’ असं लिहायचं असेल तर अजून तीन-चार प्रयोग लागतील, पण ते नाशिकमध्ये होण्यासारखे आहेत. (सीडी४ हा टी पेशींचा एक प्रकार, सीडी८ दुसरा. एचएलए म्हणजे पेशीवरचे पेप्टाइड दाखवणारे रेणू, डीआर त्यातला एक.) ‘अमुक पेप्टाइड, अमुक एचएलए’ इतकं नेमकं हवं असेल तर टायपिंग, म्हणजे कोणाचं एचएलए कोणतं ते शोधणं, आणि जास्त रक्त लागेल. आणि ‘या अल्फा-बीटा जोडीचा रिसेप्टर हे पेप्टाइड ओळखतो’ हे वाक्य लिहायचं (अल्फा आणि बीटा या रिसेप्टरच्या दोन साखळ्या) तर तो वेगळा प्रकल्प आहे, वेगळ्या बजेटचा. माझ्या मते तुमचं वाक्य दुसरं आहे. समितीला चौथं वाक्य ऐकू आलं, म्हणून टेट्रामर निघाला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत: एका माणसाकडून किती रक्त मिळतं, पेशी गोठवून ठेवल्यात का, पेप्टाइडं सिंथेटिक आहेत की ई. कोलाय जीवाणूत बनवलेलं अख्खं प्रथिन वापरताय, आणि फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी एकेक मोजणारं यंत्र) हाताशी आहे का. तुम्ही ‘पेप्टाइडं’ लिहिलंय, त्यामुळे सिंथेटिक धरून चालते.

आता मूळ मुद्दा. टी सेल रिसेप्टरला अँटिजेन नुसतं, मोकळं दिसत नाही. त्याला दिसतो तो दुसऱ्या पेशीने एचएलएवर ठेवून दाखवलेला पेप्टाइडचा तुकडा. म्हणजे ओळख पटायला तिघं लागतात: रिसेप्टर, पेप्टाइड आणि एचएलए. यातली एचएलएची गरज झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात दाखवली. त्यांनी एलसीएमव्ही विषाणूची लागण केलेल्या उंदरांच्या मारक टी पेशी घेतल्या आणि पाहिलं, की विषाणू तोच असला तरी त्या फक्त स्वतःसारख्या एमएचसीच्या (माणसात यालाच एचएलए म्हणतात) पेशी मारतात. परक्या एमएचसीच्या, तितक्याच लागण झालेल्या पेशींना हातही लावत नाहीत. तेव्हा रिसेप्टरचं जनुकही सापडलं नव्हतं. ते सापडलं १९८४ मध्ये. टेट्रामर तर १९९६ चा, आणि योगायोगाने या दोघांना नोबेल मिळालं तेही १९९६ मध्येच. म्हणजे बंधन प्रत्यक्ष न पाहता, बाकी सगळं तेच ठेवून एक घटक बदलून त्यांनी ओळख सिद्ध केली. तुम्हाला तेच करायचंय. तिघांपैकी एकेकाला बाजूला करा आणि प्रत्येक वेळी सिग्नल जातो का ते बघा. सिग्नल आला यापेक्षा तो कशाने गेला, यात पुरावा जास्त असतो.

या नजरेने तुमची एलायझा पाहा. इंटरफेरॉन गॅमा फक्त सीडी४ टी पेशी सोडत नाहीत. सीडी८ सोडतात, एनके (नैसर्गिक मारक) पेशी सोडतात, गॅमा-डेल्टा आणि एमएआयटी या वेगळ्या जातीच्या टी पेशीही सोडतात. टीबीच्या जंतूचा अख्खा लायसेट (फोडलेल्या जंतूचा रस) वापरला असता तर गोंधळ अजून वाढला असता: त्यातल्या फॉस्फोअँटिजेनना गॅमा-डेल्टा पेशी नेहमीच्या एचएलएशिवायच प्रतिसाद देतात, एमएआयटी पेशी एचएलएसारख्याच एमआर१ वर रायबोफ्लेविनच्या वाटेवरचे रेणू ओळखतात, आणि मायकोलिक आम्लासारखे मेदाचे रेणू सीडी१ या तशाच दुसऱ्या रेणूवर दाखवले जातात. सिंथेटिक पेप्टाइडांनी हे बरंचसं टळतं. पण ई. कोलायमधलं प्रथिन वापरलं असेल तर एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जीवाणूच्या आवरणातल्या एलपीएसचा, प्रश्न उभा राहतो. एलपीएसने मोनोसाइट चेततात, आयएल-१२ हा संदेशरेणू सोडतात, त्यावर एनके पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि या सगळ्यात टी सेल रिसेप्टरचा कुठेच संबंध नसतो. यावर ‘प्रथिन उकळून पाहा, प्रतिसाद गेला तर खरा’ असा सल्ला कुणीतरी देईलच. अँटिबॉडीच्या प्रयोगात तो ठीक आहे. टी पेशींना मात्र पेप्टाइडचा सरळ क्रम लागतो, प्रथिनाची घडी नाही. उकळलेलं प्रथिनही पेशी कापून एचएलएवर दाखवतात. म्हणून तो सल्ला इथे चालत नाही.

एलायझाची दुसरी अडचण साधी आहे: थोड्या पेशींनी भरपूर सोडलं की पुष्कळ पेशींनी थोडं थोडं, हे आकड्यावरून कळत नाही. म्हणून माझी पहिली सूचना, एलायझाच्या जागी एलिस्पॉट करा. यात पेशीने जिथे बसून इंटरफेरॉन सोडलं तिथेच प्लेटच्या तळावर डाग उमटतो. अँटिबॉडी साधारण त्याच जातीच्या, खर्च फार वाढत नाही, आणि एका पेशीचा एक डाग मिळतो. टीबीसाठीची टी-स्पॉट तपासणी याच तत्त्वावर चालते.

पण आधी पेशींचा हिशेब मांडा. आमच्याकडे नवीन विद्यार्थी आला की पहिलं काम हेच. ईसॅट-६ मध्ये ९५ अमिनो आम्लं. पंधरा-पंधराची पेप्टाइडं, प्रत्येक वेळी चार घर पुढे सरकत घेतली तर २१ होतात. प्रत्येकासाठी तीन वेल (प्लेटमधले खळगे), प्रत्येक वेलमध्ये दोन लाख पेशी: झाल्या १ कोटी २६ लाख. एक मिलिलिटर रक्तातून साधारण दहा लाख पीबीएमसी मिळतात, म्हणजे १० मिलिलिटरच्या एक कोटी. कंट्रोल लावायच्या आधीच पेशी संपल्या! यावर उपाय जाळीचा. पाच ओळी, पाच स्तंभ काढून २१ पेप्टाइडं त्यात बसवा. प्रत्येक ओळीचा एक पूल (मिश्रण), प्रत्येक स्तंभाचा एक पूल, एकूण दहा. दहा पूल, तीन वेल, दोन लाख: साठ लाखांत काम भागतं. जी ओळ आणि जो स्तंभ उजळेल त्यांच्या छेदावरचं पेप्टाइड संशयित. दोन ओळी आणि दोन स्तंभ उजळले तर संशयित चार होतात आणि ती सुटी सुटी तपासावी लागतात. सुरुवातीला तर जाळीही नको. सगळ्या २१ चा एकच पूल लावा, आणि ज्यांच्यात प्रतिसाद दिसेल त्यांच्यापुरतीच जाळी करा.

कंट्रोलमध्ये काटकसर नको. पेप्टाइडं डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेली असतात, आणि २१ एकत्र केली की डीएमएसओही एकत्र होतो. निगेटिव्ह वेलमध्ये नुसतं मीडियम न घालता पूलमध्ये जितका आहे तितकाच डीएमएसओ घाला, आणि असे वेल सहा तरी ठेवा, कारण सगळी वजाबाकी त्यावरून होणार आहे. पॉझिटिव्हला पीएचए किंवा अँटी-सीडी३ (रिसेप्टरला जोडलेल्या सीडी३ वरची, टी पेशी चेतवणारी अँटिबॉडी) घ्या. पीएमए-आयोनोमायसिन घेऊ नका. ते रिसेप्टरला वळसा घालून थेट आतली यंत्रणा चालू करतात. पेशी जिवंत आहेत एवढंच त्यातून कळतं, रिसेप्टरकडून येणारी वाट शाबूत आहे की नाही ते कळत नाही. आणि तुमचा प्रश्न तर त्या वाटेचाच आहे.

प्लेट वाचताना मशीनच्या आकड्यावर विसंबू नका, एकेक वेल स्वतः बघा. खऱ्या डागाचा मध्य गडद असतो आणि कडा विरत गेलेली असते, कारण पेशी मध्यभागी बसून सोडत होती आणि इंटरफेरॉन चहूकडे पसरत गेलं. बारीक, टोकदार कडेचे, सगळे एका रंगाचे ठिपके दिसले तर तो बहुधा सब्स्ट्रेटचा (डागाला रंग देणाऱ्या रसायनाचा) गाळ असतो. गाळून घेतलेल्या सब्स्ट्रेटने तो कमी होतो. डागांना स्वल्पविरामासारखी शेपटी आली असेल तर रात्री कुणीतरी इन्क्युबेटर उघडून प्लेट हलवली आहे. डाग वेलच्या एकाच कडेला चंद्रकोरीसारखे गोळा झाले असतील तर पेशी टाकल्यावर प्लेट गोल फिरवली गेली आहे, किंवा इन्क्युबेटरची फळी समतल नाही. पीएचएचा वेल इतका भरून जातो की मोजताच येत नाही. तिथे पेशी कमी घाला. आणि डीएमएसओच्या वेलमध्येच डागांचा सडा पडला असेल तर त्या माणसाचा निकाल देऊ नका. वजाबाकी करून काहीतरी आकडा निघतो, पण त्याला अर्थ नसतो.

एलिस्पॉटने संख्या कळली, पण पेशी कोणती ते नाही. त्याचे दोन रस्ते. स्वस्त रस्ता: मॅग्नेटिक बीड्सने सीडी४ पेशी काढून टाका आणि उरलेल्यांवर तीच प्लेट लावा. डाग गेले तर ते सीडी४ चे. शेजारी सीडी८ काढलेला नमुनाही लावा, म्हणजे बीड्सच्या धक्क्याने पेशी मेल्या म्हणून डाग गेले, अशी शंका उरत नाही.

महाग पण जास्त बोलका रस्ता इंट्रासेल्युलर स्टेनिंगचा, म्हणजे इंटरफेरॉन पेशीच्या आतच रंगवून फ्लो सायटोमीटरवर बघण्याचा. पेप्टाइडबरोबर सहा तास. पहिल्या तास-दोन तासांनंतर ब्रेफेल्डिन ए, म्हणजे सायटोकाइन (इंटरफेरॉनसारखा संदेशरेणू) बाहेर न पडता आतच साठतं. मग फिक्स करून, पडद्याला भोकं पाडून आतला रंग. दोनच गोष्टी बजावून सांगते. चेतलेली टी पेशी आपलं सीडी३ आत ओढून घेते. फक्त बाहेरून रंगवलं तर ज्या पेशी तुम्हाला हव्यात त्याच ‘सीडी३ कमी’ म्हणून गेटबाहेर, म्हणजे आलेखावर आखलेल्या मोजणीच्या चौकटीबाहेर, जातात, म्हणून सीडी३ फिक्स केल्यानंतर आतूनही रंगवा. दुसरं, मेलेल्या पेशींचा डाय हवाच, कारण मेलेली पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेते. पेशी दहा लाखांपेक्षा कमी घेऊ नका. दहा लाख पीबीएमसीत सीडी४ समजा चार लाख असल्या आणि त्यातल्या ०.०५ टक्के प्रतिसाद देणाऱ्या असल्या, तर हाती फक्त दोनशे बिंदू येतात. एक लाख पेशींवर तेच वीस होतात, आणि वीस बिंदूंवर समितीशी वाद घालता येत नाही.

सीडी६९, सीडी१३७, ओएक्स४० वगैरे पृष्ठभागावरच्या खुणांवर आधारलेली एआयएम चाचणीही करता येते, आणि पेशी जिवंत राहत असल्याने पुढे सॉर्ट करायच्या असतील तर तीच बरी. पण एकटं सीडी६९ पाहून ‘ओळखलं’ म्हणू नका. शेजारच्या पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉननेही ते वर येतं. म्हणून खुणा जोडीने वाचतात: सीडी४ साठी ओएक्स४० आणि सीडी१३७, सीडी८ साठी सीडी६९ आणि सीडी१३७.

आता तिसरा भिडू, एचएलए. तुमच्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वजनदार प्रयोग हाच असेल, आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात. एल२४३ ही अँटिबॉडी एचएलए-डीआर झाकते. डब्ल्यू६/३२ क्लास वन झाकते. (क्लास वन हा सीडी८ पेशी वाचतात तो एचएलएचा वर्ग. डीआर क्लास टूमधला, तो सीडी४ वाचतात.) पेप्टाइड घालण्यापूर्वी अर्धा ते एक तास पेशी यांच्याबरोबर ठेवा, मग नेहमीचं एलिस्पॉट. डीआरवर दाखवलेलं पेप्टाइड सीडी४ पेशी ओळखत असतील तर एल२४३ ने डाग कमी व्हायला हवेत आणि डब्ल्यू६/३२ ने कमी होता कामा नयेत. दोन्ही उंदराच्या आयजीजी२ए वर्गाच्या आहेत, त्यामुळे त्या एकमेकींच्या आयसोटाइप कंट्रोलचं कामही करतात. छोट्या बजेटला ही मोठी सोय आहे. मागवताना सोडियम अझाइड नसलेली बाटलीच मागवा. अझाइडने पेशी मरतात, डाग जातात, आणि आपल्याला वाटतं ब्लॉकिंग झालं. म्हणूनच एल२४३ घातलेला अँटी-सीडी३ चा एक वेल ठेवा. अँटी-सीडी३ ला एचएलए लागत नाही, तेव्हा तिथले डाग टिकले पाहिजेत. तेही गेले तर अँटिबॉडी विषारी आहे, पुढे जाऊ नका. या कामासाठी एसईबी हे जीवाणूचं विष कंट्रोल म्हणून घेऊ नका. ते सुपरअँटिजेन स्वतःच क्लास टू एचएलएला धरतं, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो. डाग शून्यावर येतील अशी अपेक्षाही ठेवू नका. झाकण कधीच पूर्ण बसत नाही, आणि काही प्रतिसाद डीक्यू किंवा डीपी या क्लास टूच्याच दुसऱ्या रेणूंवरचाही असू शकतो.

इथवर काय झालं ते एकदा जोडून बघा. पेप्टाइड काढलं तर डाग गेले: डीएमएसओचा वेल. टी पेशी काढल्या तर डाग गेले: सीडी४ काढलेला वेल. एचएलए झाकलं तर डाग गेले: एल२४३ चा वेल. यानंतर एनके पेशी किंवा एंडोटॉक्सिनवर बोट ठेवायला जागा उरत नाही. दुसऱ्या वाक्यासाठी मला एवढा पुरावा पुरतो.

मग टेट्रामर का नको? तो वाईट आहे म्हणून नाही. रिसेप्टर आणि पेप्टाइड-एचएलए यांची पकड फार ढिली असते. नैसर्गिक रिसेप्टरचा केडी (हा आकडा जितका मोठा तितकी पकड ढिली) साधारण १ ते १०० मायक्रोमोलर, जोडी सुटते ती बहुधा काही सेकंदांत. चांगली अँटिबॉडी नॅनोमोलरमध्ये पकडते. त्यामुळे एकटं पेप्टाइड-एचएलए रंगवून पेशीला लावलं तर धुताना निघून जातं. टेट्रामरमध्ये अशी चार, बायोटिन लावून एका स्ट्रेप्टॅव्हिडिनवर बसवतात. एका बोटाने धरलेली वस्तू निसटते, चार बोटांनी धरली की राहते, तसं. यात बंधन थेट दिसतं, पेशीने सायटोकाइन सोडलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. पण म्हणूनच टेट्रामर पॉझिटिव्ह पेशी थकलेली, काही न करणारीही असू शकते, आणि उलट, ढिल्या पकडीची पण व्यवस्थित काम करणारी पेशी टेट्रामरला दिसतच नाही, असंही होतं. क्लास टूच्या बाबतीत हे दुसरं जास्त घडतं.

आणि तुमचा प्रतिसाद बहुतांशी क्लास टूचाच असणार. टेट्रामर एका ठरावीक एचएलएचा आणि एका ठरावीक पेप्टाइडचा बनतो. तुमच्या माणसांचं टायपिंग नाही, पेप्टाइड ठरलेलं नाही. मग मागवायचा कोणता? आपल्याकडे डीआरबी१*१५ आणि डीआरबी१*०७ हे गट बऱ्याच लोकांत सापडतात, पण गट कळणं वेगळं आणि त्यातला नेमका अलील, म्हणजे जनुकाचं नेमकं रूप, कळणं वेगळं. क्लास वनमध्येही हीच गोम आहे. पुस्तकातलं बहुतेक सगळं काम एचएलए-ए*०२:०१ वर झालंय: सीएमव्ही विषाणूच्या पीपी६५ प्रथिनातला ४९५ ते ५०३ हा तुकडा, फ्लूच्या मॅट्रिक्स प्रथिनातला ५८ ते ६६ हा तुकडा, टी२ पेशींची चाचणी, सगळं त्यावरच बेतलेलं. भारतीयांत मात्र ‘ए२’ म्हणून निघालेला माणूस ए*०२:११ किंवा ए*०२:०६ चाही असू शकतो, आणि ए*११:०१, ए*२४:०२, ए*३३:०३ हेही आपल्याकडे भरपूर आहेत. तयार टेट्रामर किंवा तयार पेप्टाइड पूल घेऊन इथल्या रक्तावर लावला आणि काही दिसलं नाही, म्हणून ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिणारे पेपर माझ्याकडे परीक्षणाला येतात. मी टायपिंग मागते.

पुढे कधी टेट्रामर वापरलातच तर एवढं लक्षात ठेवा. आधी टेट्रामर, मग बाकीच्या अँटिबॉडी. त्याआधी पेशींना अर्धा तास ५० नॅनोमोलर डॅसॅटिनिब हे औषध द्या, म्हणजे त्या रिसेप्टर आत ओढत नाहीत आणि रंग उजळ येतो. तोच टेट्रामर दोन रंगांत घ्या आणि आलेखावर एक विरुद्ध दुसरा मांडा. खऱ्या पेशी वर उजव्या कोपऱ्यात, बाकीच्यांपासून स्पष्ट तुटलेल्या पुंजक्यात दिसतात. मुख्य गर्दीतून निघून तिरपी वर चढत गेलेली शेपटी दिसली तर ती चिकट किंवा मेलेल्या पेशींची. त्या शेपटीच्या मधोमध गेट मारून टक्केवारी काढलेली मी पाहिली आहे. गेट कुठे मारायचं ते संबंध नसलेल्या पेप्टाइडचा टेट्रामर लावलेल्या नळीवरून ठरवा.

किरणोत्सारी क्रोमियम-५१ चा मारक पेशींचा प्रयोग तुमच्या कामाचा नाही, हे पटकन सांगून टाकते. तो सीडी८ साठी असतो, क्रोमियमचं अर्धायुष्य साधारण २८ दिवसांचं, आणि एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी लागते. मारकशक्ती बघायचीच झाली तर कॅल्सीन किंवा एलडीएच वापरा.

चौथ्या वाक्याचं काम कसं असतं तेही सांगते, कारण समितीत विषय निघणारच. प्रतिसाद देणारी पेशी सॉर्ट करायची, एकेका पेशीतून अल्फा आणि बीटा दोन्ही साखळ्यांचा क्रम काढायचा आणि ती जोडी दुसऱ्या पेशीत बसवायची. त्यासाठी जर्कॅट ७६ ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी पेशींची जात बरी, कारण तिच्यात स्वतःच्या अल्फा आणि बीटा साखळ्या नाहीत. साध्या जर्कॅटमध्ये नवी अल्फा जुन्या बीटाशी जुळते आणि भलताच रिसेप्टर तयार होतो. सोबत सीडी४ किंवा सीडी८, आणि एनएफएटीवर चालणारा, म्हणजे रिसेप्टर चेतला की उजळणारा, ल्युसिफेरेज किंवा जीएफपी. समोर के५६२ सारखी पेशी, जिच्यात तुम्हाला हवं तेच एकच एचएलए घातलंय. मग पेप्टाइडची मात्रा दहा-दहा पटीने उतरवत नेऊन निम्मा प्रतिसाद कुठे मिळतो ते बघायचं. इथेही न्याय तोच: पेप्टाइडशिवाय, दुसऱ्या एचएलएवर आणि दुसऱ्या रिसेप्टरने सिग्नल गेला पाहिजे. फरक इतकाच, की आता तिन्ही भिडू तुमच्या हातातले आहेत. खूप जास्त मात्रेलाच प्रतिसाद येत असेल तर सावध राहा. पेप्टाइडच्या बाटलीत दुसऱ्याच पेप्टाइडचा अंश असला तरी असं दिसतं, म्हणून नव्याने बनवलेल्या, जास्त शुद्ध लॉटवर पुन्हा पाहायचं. शुद्ध रिसेप्टर आणि शुद्ध पेप्टाइड-एचएलए घेऊन सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सने पकड मोजणं हा त्यापुढचा भाग. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही.

आणि एवढं करूनही ‘हा रिसेप्टर हेच ओळखतो, दुसरं काही नाही’ असं म्हणता येत नाही. मेज-ए३ चं प्रकरण यासाठी प्रत्येकाने वाचावं. कर्करोगाच्या मेज-ए३ प्रथिनातलं, एचएलए-ए*०१ वर दिसणारं पेप्टाइड ओळखणारा रिसेप्टर पकड वाढवून रुग्णांना दिला गेला. दोन रुग्ण हृदयाला इजा होऊन दगावले. अहवाल २०१३ मध्ये आले. तो रिसेप्टर हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या प्रथिनाचं मिळतंजुळतं पेप्टाइडही ओळखत होता. आधीच्या चाचण्यांत हे दिसलं नव्हतं. नंतर ते उलगडलं ते स्टेम सेलपासून बनवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशींवर, कारण नेहमीच्या कल्चरमधल्या हृदयपेशी टायटिन पुरेसं बनवत नव्हत्या. लक्ष्यच समोर नव्हतं, तर चाचणी पकडणार काय? तुम्ही उपचार बनवत नाही, तुम्हाला इतकं खोल जायचं कारण नाही. पण ईसॅट-६ च्या बाबतीत छोट्या प्रमाणात हाच प्रश्न येतो. बीसीजीच्या जंतूत ईसॅट-६ नाही, म्हणून जन्मतः बीसीजी घेतलेल्या आपल्या लोकांत ते उपयोगी पडतं. पण मायकोबॅक्टेरियम कॅन्ससाय आणि मरीनम यांच्यात त्याचे भाऊबंद आहेत. चर्चेत तेवढी एक ओळ लिहा.

आता रक्त, कारण नाशिकमध्ये खरा घोळ इथे होतो. पेठहून सकाळी काढलेलं रक्त दुपारी पोहोचतं. आठ तासांच्या आत पीबीएमसी वेगळ्या झाल्या तर उत्तम. नमुना आणणारा मुलगा भल्या हेतूने नळ्या बर्फावर ठेवतो, कारण लसीचं तसंच असतं असं त्याला माहीत असतं. टी पेशींसाठी रक्त १८ ते २५ अंशांत हवं. थंडीत उघड्या जीपमधून आलं तर फार गार होतं, एप्रिल-मेमध्ये चाळीस अंशांत उकडतं. थर्मोकोलच्या डब्यात वीस-बावीस अंशांना आणलेले जेल पॅक ठेवा, गोठवलेले नकोत. नळी हेपरिनची घ्या. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि टी पेशी चेतायला कॅल्शियम लागतं. पेशी वेगळ्या करून धुतल्या तर ईडीटीए चालून जातं, पण अख्ख्या रक्तात पेप्टाइड घालायचं असेल तर अजिबात नाही. फायकॉलवर रक्त फिरवून पेशी वेगळ्या केल्यानंतर पांढरं कडं लालसर, चिवट दिसलं तर ग्रॅन्युलोसाइट (नको असलेल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी) त्यात उतरलेत, म्हणजे रक्त शिळं किंवा गारठलेलं होतं. तो नमुना वहीत तसा नोंदवा.

गोठवायचं असेल तर दहा टक्के डीएमएसओ, मिनिटाला एक अंश या गतीने, आणि नंतर द्रव नायट्रोजन. द्रव नायट्रोजन मिळत नाही अशी तक्रार इथे नेहमी ऐकू येते. जिल्ह्यात गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी तो सर्रास वापरला जातो. पुरवठादार कोण, हे पशुवैद्यकाला विचारा. पेशी बाहेर काढल्यावर लगेच पेप्टाइड घालू नका. रात्रभर मीडियममध्ये विसावू द्या, मग मोजा, आणि जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली असतील तर तो नमुना सोडा.

मी तुमच्या जागी असते तर काम या क्रमाने लावलं असतं. ज्यांच्यात एलायझा चढली त्यातल्या पाच-सहा जणांकडून एथिक्स कमिटीची दुरुस्त मंजुरी घेऊन पुन्हा रक्त, या वेळी ३० मिलिलिटर. त्यांचं एचएलए टायपिंग. किडनी प्रत्यारोपणाचं टायपिंग करणाऱ्या लॅबला विचारा, पण डीआरबी१ हाय रिझोल्यूशनमध्ये मागा. मग पूलवर एलिस्पॉट, त्याच प्लेटवर सीडी४ काढलेले आणि एल२४३, डब्ल्यू६/३२ चे वेल. पेशी उरल्या तर जाळी. एक-दोन जणांवर इंट्रासेल्युलर स्टेनिंग. फ्लो इथे नसेल तर फिक्स केलेल्या पेशी रंगवून पुण्याला नेता येतात, फक्त आधी फोन करून मशीनवर कोणते लेझर आहेत ते विचारा आणि त्यावरून रंग ठरवा. टेट्रामरचे पैसे टायपिंग आणि अँटिबॉडीवर खर्च करा.

समितीपुढे जाताना एका माणसाची एकच स्लाइड करा: डीएमएसओ, पूल, सीडी४ काढलेला, एल२४३, डब्ल्यू६/३२, आणि एल२४३ सह अँटी-सीडी३, अशा सहा वेलचे फोटो एका ओळीत. ‘टेट्रामर का नाही’ असं विचारलं तर टायपिंगचा कागद पुढे ठेवा आणि विचारा, यातल्या कोणत्या अलीलचा मागवू. आणि पेप्टाइडं सिंथेटिक आहेत हे मी धरून चाललेय. प्रथिन असेल तर हे सगळं लावण्याआधी त्याची एंडोटॉक्सिनची पातळी कळवा, कारण मग डीएमएसओचा कंट्रोल पुरणार नाही आणि प्लेटचा आराखडा बदलावा लागेल.